अंगठा लागत नाही

सर्जेकोटच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यामागे
जाळी शिवायची शेड आहे,
ती सहानंतर माझी.
दिवसा मी लाद्या मोजते, किती गेल्या, किती उधार,
संध्याकाळी पाच पोरं मोजते.
एक लॅपटॉप, त्याचा ळ अडकलेला,
म्हणून जाळ्याला जाल लिहायचं.
दोन फोन, आणि रेंज
पालथ्या होडीवर चढलं तरच.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी लिहिलं,
'कोकण म्हणजे निसर्गाचं वरदान.'
पाचही वह्यांत तेच, एखादी वेलांटी इकडेतिकडे.
म्हटलं, कुणी पाहिलंय का हे वरदान?
हात वर झाला नाही.
मग विचारलं, शिळा बांगडा कसा ओळखायचा?
पाचही एकदम बोलायला लागली.
म्हटलं, हे लिहा.

"ह्या कोण वाचतलो, बाई?"
पुण्यात कुणी बाई आत्ता ओट्याशी उभी आहे,
पिशवीतल्या माशाच्या डोळ्यात बघत.
तिला कुणी सांगितलेलं नाही.
"आणि पैशे खंयसून येतले?"
ते मला एका वाक्यात येईना.
फळ्यावर वाचणारा काढला, जाहिरात काढली, मध्ये बाण,
बाणाच्या टोकाला चिमूटभर पैसे.
लौकिक आडकर म्हणाला, म्हणजे दलालीच ही,
फक्त दलाल दिसत नाही.
मी खडू खाली ठेवला.

त्यानेच विचारलं, आठ हजार साठायला किती महिने?
मी हिशेबाची बाई, खोटा आकडा बोटांतून उतरत नाही.
सात, म्हटलं. कदाचित दहा. कदाचित नाहीच.
पंधरा दिवसांनी तो ट्रॉलरवर गेला,
खलाशी, जेवूनखाऊन नऊ हजार.
त्याचा अर्धा लेख अजून माझ्याकडे आहे :
'वारा फिरला की आधी कानाला कळतं, मग'
मग काय, ते लिहिलं नाही.

दीक्षिता खवणेकर राहिली.
सकाळभर सुंगटं सोलायची, किलोला वीस,
बर्फातले हात तसेच घेऊन यायची.
बोट फोनवर फिरायचं, फोनला पत्ता नसायचा.
ओढणीला पुसायची, फुंकर घालायची, पुन्हा.
अकरा महिने. एकवीस लेख.
गाबोळी तळताना फुटते का.
समुद्र बंद असतो तेव्हा घरात काय शिजतं.
बापाने बोटीचं नाव का बदललं.
हा शेवटचा मी काढून टाक म्हणाले होते.
सगळ्यांत जास्त वाचला गेला तोच.

पैसे आले. म्हणजे निघाले,
आणि बँकेच्या दारात अडले.
मशीनवर अंगठा ठेव, म्हणाले.
ठेवला. लाल दिवा.
पुसून ठेवला. लाल.
सुंगटाच्या काट्याने, बर्फाच्या पाण्याने
रेषा कधीच्या वाहून गेलेल्या.
मग पालक म्हणून आईचा.
तोही लाल, तिने वीस वर्षं जास्त सोललंय.
साहेबांनी विचारलं, सही येते?
"येता," दीक्षिता म्हणाली, "लिवूकय येता."
मशीनला सही चालत नाही.

आमच्याकडे अंगठा म्हणजे
अक्षर न येणाऱ्याचा.
तो पुसायला मी शेड उघडली होती.
इथे तो आधीच पुसलेला,
आणि नेमका तोच हवा.

मग एकेक बोट.
मागची रांग कुरकुरायला लागली,
कुणीतरी पंखा मोठा करा म्हणालं.
नवव्यांदा, डावी करंगळी,
सोलताना जी वर उभी राहते, कामात येत नाही,
तिला हिरवा दिवा लागला.
दीक्षिता तिच्याकडे बघत राहिली,
लग्नात कुणी विसरलेली चुलतबहीण भेटावी तशी.

एसटीत खिडकीशी बसून म्हणाली,
"बाई, ह्या लिवू?"
लिही, म्हटलं.
थोड्या वेळाने, कोळंबच्या पुलावर,
"करंगळीत ळ आसा, बाई."
रविवारी लॅपटॉप कणकवलीला न्यायचं ठरलं.