मळसूत्र

वसमतच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत
मी रक्त बघते. सतरा वर्षं झाली.
खिडकी मोंढ्याकडं उघडते,
मार्चात आत सगळं पिवळं होतं :
रजिस्टर, टेबल, माझ्या चष्म्याची काच.
पुसलं तरी बोटाला हळद लागतेच.

नमुना एकशे बारा. मनकर्णा केरबा, कुरुंदा,
वय बावीस, पाचवा महिना, पहिलटकरीण.
कार्डावर थेंब टाकला, फिरवला,
आणि काळे कण जवळ यायला लागले,
मयतीची खबर कळल्यावर
ओट्यावर माणसं जमतात तसे, न बोलता.
दुप्पट पातळ केलं. जमले.
चौपट, आठपट, सोळापट.
बत्तीसपट पातळ केलं तरी जमलेच.

तिला पंख्याखाली बसवलं.
विचारायचं असतं ते विचारलं,
छापील कागदावरच्या क्रमानं नाही.

"फोड? मला न्हाई कळला ओ म्याडम.
ह्यांना आलता, दिवाळीच्या आदी.
दुखंना का खाजंना,
आपला आपुनच बसला बी.
मनले, ड्रायवरला गाडीची गरमी आसती."

गरमी.
जुनी माणसं या आजाराला हेच नाव द्यायची.
केरबा खरं बोलला होता, त्याला माहीत नसताना.

मग तिनं तळहात उघडून दाखवले, आता कोरे.
"सक्रांतीला हितं डाग आलते, तांब्याच्या पैशावानी.
तळपायाला बी. घसा धरला, कसकस आली.
सासू मनली, हळद शिजवायच्या कढईची वाफ लागली.
खोबरेल लावलं. गेलं."

गेलं म्हणजे आत गेलं, बाई.

कागदाच्या पाठीवर पेनानं काढून दाखवला :
बारीक, पिळाचा, मळसूत्रासारखा जंतू.
दृष्टीनं येत नाही, ताटातून येत नाही,
अंथरुणातून अंगात येतो,
अंगातून पोटातल्या जिवात.
मळसूत्र म्हटलं तेव्हा
तिचा हात गळ्यातल्या काळ्या मण्यांवर गेला.
चुकीचं ऐकलंस, असं मी म्हणाले नाही.

तीन मंगळवार, तीन इंजेक्शनं.
दुधासारखं दाट औषध, सुई मध्येच बुजते.
पहिल्या मंगळवारी ती लंगडत गेली.
घरी सांगितलं, ताकदीचं आहे.
"त्यांना बी आणावं लागंल का?"
आणावंच लागेल. नाहीतर फिरून तुझ्याकडंच.

केरबा आला सांगलीची खेप टाकून,
सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा बोलत.
"मला काय धाड भरली? धडधाकट हाय मी."
'संसर्ग कोठून' या रकान्यापाशी
तो पंख्याकडं बघत बसला.
मी रकाना मोकळाच सोडला, पंखाही जुनाच आहे.
सुई दिसली तसा घेरी येऊन पडला,
एका दमात दोन पोती उचलणारा गडी.
मनकर्णानं त्याच्या तोंडावर पाणी मारलं.
जरा जास्तच मारलं.

आषाढात मुलगी झाली, अडीच किलोची.
तिच्या रक्ताचा थेंब फिरवताना
मी पहिल्यांदाच श्वास मोजले.
कण जमले, पण थोडे,
दोनपटीलाच पांगले.
"आईकडून उसनं आलेलं असेल,"
डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनी परत बघू."

तारीख लिहिली. दसऱ्यानंतरचा सोमवार.
नावाच्या जागी अजून 'मनकर्णाची मुलगी' आहे.