कलम सात

अरबी उजवीकडून येते, इंग्रजी डावीकडून,
मधे एक बारीक रेघ.
दोन पानी करारनामा. मी तो मराठीत वाचते,
मनातल्या मनात.

तास म्हणजे पंचावन्न मिनिटं.
ताप, गर्भ, नुकतंच झालेलं ऑपरेशन : आधी सांगावे.
कलम सात : दाब सोसेना तर ग्राहकाने
कोणत्याही क्षणी थांबा म्हणावे.
कारण द्यायची गरज नाही.

कारण द्यायची गरज नाही.
चार वर्षं सोहारमध्ये रोज सहा-सात बायकांना
मी हे वाचून दाखवते,
शेजारच्या घरातल्या पुरणपोळीबद्दल
आपण बोलावं तसं.

माझा करार थुरय्या मॅडमच्या कपाटात आहे,
पासपोर्टच्या वर की खाली, ठाऊक नाही.
एकोणीस कलमं. त्यातलं सातवं, आठवतंय तसं,
खोलीभाडं कापून घेण्याबद्दल.

मंगळवारी मौजा आली. सत्तरीची.
बापाची लिंबांची बाग होती म्हणे, समुद्राजवळ,
आता तिथे गोदामं.
फॉर्मवर माणसाची आकृती असते,
एक पुढून, एक पाठमोरी,
नाक-डोळे नाहीत, बाई की बुवा कळत नाही.
दुखतं तिथे फुली मारायची.

तिने दोन्ही आकृत्या नीट न्याहाळल्या
आणि फुली मारली बाहेर,
डाव्या हाताच्या पलीकडे, कोऱ्या कागदावर.

मी म्हटलं, खाला, अंगावर मारा. कुठे दुखतं?
ती म्हणाली, तिथेच.
नातीने फोनमधून मान वर केली :
आजोबा त्या बाजूला झोपायचे.

दुसरा फॉर्म भरून घ्यायला हवा होता.
नाही घेतला.
तेल कोमट केलं, डावा खांदा धरला,
मग दंड, मग कोपर,
आणि जिथे हात संपतो तिथून पुढे
काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

बस, ती म्हणाली.
त्यांच्यात बस म्हणजे बसच. आमच्यातही.
मी हात उचलले. चौदा मिनिटं बाकी.
एसीचा आवाज. बोटांवरून तेल ओघळत कोपरापर्यंत.

ती उठून बसली, चादर छातीशी धरून,
आणि माझा उजवा अंगठा पकडला,
बुडाशी, सांध्यावर, अगदी तिथेच
जिथे रात्री बाम चोळून मी फडकं बांधते.
दाबला. विचारलं नाही, सही नाही, फुली नाही.
दुखलं. चांगलंच दुखलं.
थांबा म्हणता आलं असतं.
कारणही द्यावं लागलं नसतं.

मरिसेलने दार वाजवलं :
कुंदा, पाच मिनिटं वर झालीत,
ती कुणाच्या नावावर लिहू?