वरची हद्द

सरपंचांच्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून
मी पंचनामा लिहायला घेतला.
मौजा सोनेखारी, बोडीची पाळ, मंगळवार, सकाळी सव्वासात.
पूर्वेस बोडी. पश्चिमेस देवाजी वलथरे यांची धानाची बांधी.
उत्तरेस मोहाची तीन झाडं. दक्षिणेस सरकारी पडीक.
मग पेन थांबलं.
वस्तू वरून आली होती
आणि वरच्या हद्दीला रकानाच नव्हता.

तेवीस वर्षं कोतवाली केली.
अक्षर बरं म्हणून लिहायचं मी, सही तलाठ्याची.
वीज पडलेली म्हैस लिहिली, बिबट्यानं नेलेली शेळी लिहिली,
विहिरीत सापडलेला, कोणाचाच नसलेला माणूसही लिहिला.
आभाळ कोणाच्या नावावर आहे
ते कधी लिहावं लागलं नव्हतं.
तलाठी म्हणाला, सातबाऱ्यात नाही, पण लिही : शासन.

तीन दिवस टीव्हीवर
एका पांढऱ्या ठिपक्याभोवती लाल गोल फिरत होता.
कोणी म्हणे फुगा, कोणी म्हणे डोळा.
विरोधी पक्ष विचारत होता, झोपा काढता काय?
पोटनिवडणुकीला आठवडा उरला होता.
चौथ्या संध्याकाळी मंत्र्यांनी कुर्त्याची बाही वर सारली
तेव्हाच पानठेल्यावरचा गुलाब म्हणाला,
"आता पाडतेत."

ठिपक्याला बातम्या लागत नव्हत्या.
तो वाऱ्यासोबत
जरासा पूर्वेला, जरासा खाली,
लग्नाला वेळेआधी आलेल्या पाहुण्यासारखा
आमच्या गावावर येऊन थांबला होता.

पहाटे विमान आलं. ते गेल्यावर त्याचा आवाज आला.
अंगणवाडीच्या दोन काचा, एक मडकं,
आणि बोडीत पेटतं काहीतरी पडलं.
उजाडलं तेव्हा बोटरी, दाडक, हातभर लांब मरळ
पोटं वर करून पाळीला लागली होती.
पोरं टोपलं घेऊन धावली, मास्तरांनी अडवली.

मिळालेला मुद्देमाल :
रबराची साल, भाजल्या पापडागत.
सुतळी, अंदाजे अकरा हात.
थर्माकोलची पेटी, एक कोपरा जळालेला,
आत तारा आणि नखाएवढी काच.
पेटीला चिकटवलेली चिठ्ठी. मास्तरांनी वाचली :
घाबरू नका. हवामानाचं यंत्र आहे. सापडल्यास परत
पुढचा पत्ता जळून गेला होता.

दुपारी दोन जीपगाड्या आल्या.
साहेबांनी चिठ्ठी पाकिटात टाकली, पाकीट खिशात,
आणि मला म्हणाले, ही ओळ घेऊ नकोस.
मग काय लिहू, साहेब?
"अनोळखी वस्तू."
मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

पुस्तकलाबाई मारबते पंच होती, अंगठा लावायला आली.
शाईत बोट बुडवून म्हणाली,
"माहा अंगठा चार महिन्यांपासून रेशनच्या मशीनले वळखू येत नाही जी.
मंग मलेबी पाडता का?"
गावातले हसले.
साहेबांनी घड्याळ बघितलं.

सुकराम नान्हे, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष,
मेल्या माशांचा हिशोब घेऊन तीनदा तहसीलला गेले.
बाबू म्हणाला, भरपाई कोणत्या शीर्षाखाली टाकू?
वीज : आहे. गारपीट : आहे.
रानडुक्कर : आहे.
विजय : नाही.

मतदान झालं. निवडून यायचे ते आले.
मिरवणुकीत ट्रकवर कार्डबोर्डचं विमान होतं
आणि त्याच्या पुढे काठीला बांधलेला पांढरा फुगा,
जो सिग्नलपाशी कोणीतरी विडीनं फोडला.

बोडीला वास अजून येतो.
काठावर परदेशी बदकं उतरली आहेत यंदाही,
त्यांना कोणी काही विचारलेलं नाही.

पंचनाम्याची एक प्रत माझ्याकडे राहिली.
चतुःसीमेखाली, दक्षिणेच्या ओळीनंतर,
त्या दिवशी तलाठी चहाला गेला असताना
मी बारीक अक्षरात एक ओळ वाढवली होती.
वरती : वारे.
साहेबांना ते कोणाचं तरी आडनाव वाटलं असावं.
त्यांनी सही केली.