तूट

मंडप सोडायला घेतला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.
भडंगाची उरलेली सात पाकिटं
नेमगोंडा मगदुमांनी स्वतःच विकत घेतली.
दरवर्षी घेतात, दरवर्षी म्हणतात,
"घरात कोणी खात नाही हो, पण असू दे."
सतारमेकरांच्या दुकानातली दोन बाकं
हातगाड्यावर चढून मिरजेच्या बोळांत परत गेली.
सतरंज्या झटकल्या. निघालं काय,
तर एक चप्पल, दोनचं नाणं
आणि कानाच्या यंत्रातला सेल,
शर्टाच्या बटणाएवढा.
म्हणजे कुणीतरी एक पोर
अर्धा कार्यक्रम नुसतंच बघून घरी गेलं.
मी तो पदराच्या टोकाला बांधला.

मग हिशोब. चित्रकलेच्या वर्गात,
फडफडणाऱ्या ट्यूबखाली.
पावतीपुस्तकं एकशे चार ते एकशे एकोणीस,
एकशे अकरावर चहाचा गोल डाग.
सतरा वर्षं मी याच टेबलाशी
नोटांची तोंडं एका बाजूला करत आलेय.
यंदा समोर रेहाना मुजावर.
हिच्या भावाला आम्ही सहाव्या वर्षी यंत्र दिलं,
घरी फोडणी तडतडली
आणि तो घाबरून रडला होता.

माझ्यानंतर कोण, हा विषय निघाला
की अध्यक्ष म्हणायचे, "बघू."
या एका शब्दावर संस्था पाच वर्षं चालली.
मार्चच्या बैठकीत रेहानानं हात वर केला,
वर्गात पाणी प्यायला जाऊ का विचारावं, तसा.

एकशे चाळीस रुपये कमी भरले.
दोनदा मोजले. तरी तेवढेच कमी.
माझा हात सवयीनं पर्सकडे गेला.
"ताई, काय करताय?"
"जुळवतेय."
"दरवर्षी?"
कधी तीस, कधी साठ. एकदा नऊशे,
तेव्हा पेन्शन सुरू व्हायची होती.
ऑडिटर म्हणायचे, अशी वही
अख्ख्या जिल्ह्यात पाहिली नाही.
ते ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला सांगू.

ती काही बोलली नाही.
वही ओढून तिरक्या बारीक अक्षरात लिहिलं:
तूट रु. १४०. कारण माहीत नाही.
आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

राग आला. देणगीदार काय म्हणतील,
ओठांवर आलं होतं.
तीच म्हणाली, "ताई, माझ्याकडे
दरवर्षी घालायला नसतील."

एवढंच.
मी वही देत होते, पाकीट माझंच ठेवून.
सही केली. 'कारण माहीत नाही' च्या खाली
माझं नाव जरा वेडंवाकडं आलं.

मग किल्ल्या. रजिस्टर. 'रजि.' झिजलेला ठसा.
चौगुल्यांना दोनदा फोन कर, पहिल्यांदा नाहीच म्हणतात.
आवटी सर पाचशे देतात, पावती आईच्या नावानं.
माईकवाल्याला आधी पैसे देऊ नकोस.
ती सगळं मोबाइलवर टिपत होती,
मधेच म्हणाली, "सावकाश."

चेंज रिपोर्टच्या फॉर्मवर
पद सोडण्याचं कारण विचारलं होतं.
मृत्यू, की राजीनामा.
मी दुसऱ्यावर खूण केली
आणि आम्ही दोघी हसलो, ती जरा उशिरा.

घरी येऊन पदर सोडला.
हे सेल एकदा वारा लागला
की वापरा, नाहीतर कपाटात ठेवा,
उतरतातच.
त्याला पुन्हा चिकटपट्टी लावली, उगीच.

सकाळी सात वाजता रेहानाचा फोन.
माझ्या तोंडावर आलं होतं, "बोल, काय अडलं?"
ती म्हणाली, "ब्राह्मणपुरीतल्या एका आईचा फोन आला होता,
सेल हरवलाय म्हणे. मी नवा नेऊन देतेय.
तुम्हाला नुसतं कळवलं."