शिंक

डिसेंबरात बदली झाली. सावंतवाडी आगारातून थेट नंदुरबार.
तीन गाड्या बदलून उतरले
आणि आईला फोनवर म्हटलं, इथली हवा लाल आहे.
ती म्हणाली, पहाट असतली गो.
पहाट नव्हती. दुपारचे बारा वाजले होते.
गावाबाहेर मैलभर मिरची वाळत घातलेली,
पथारीवर बायका देठ खुडत बसलेल्या,
वारा तिथूनच उठून स्थानकात यायचा, तिकीट न काढता.

काम सोपं. खिडकीत बसायचं, माईक धरायचा,
कुठली गाडी, कुठे जाणार, कुठल्या फलाटावर.
पहिल्या सकाळी म्हटलं, धडगावला जाणारी
आणि शिंकले.
माईक चालू होता.

भटू आबांचा एक पाय पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला.
"बाई शिंकनी. आते जानं नही."
त्यांच्यामागोमाग सात-आठ जण उतरले, एक बोचकं उतरलं,
धडगावची गाडी अर्धी रिकामी गेली.
उत्पन्न का घटलं, या रकान्यात काय लिहावं
ते आगारप्रमुखांना संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.

महिनाभर हेच.
मोलगी म्हणताना, अक्कलकुवा म्हणताना,
प्रकाशा म्हणताना तर हमखास.
गाडीच्या वेळेला लोक गाडीकडे नाही, माझ्या खिडकीकडे बघायचे.
कॅन्टीनचे हिलालआप्पा पैज लावायचे, एक कटिंग.
मी विनंती बदलीचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला,
फक्त तारीख घालायची बाकी.

एका दुपारी रायकीबाई आली, काखेत शेळीचं करडू.
तिची पावरी मला येत नव्हती, माझी मराठी तिला पुरत नव्हती.
खिडकीतून हात आत घातला, एक पत्र्याची डबी ठेवली,
स्वतःच्या नाकपुडीत बोट फिरवून दाखवलं: असं. रोज.
झाकण उघडलं तर खोबरेल.
सातपुड्याच्या बाईच्या डबीत
माझ्या घरामागच्या माडांचा वास.
मी नाकाला लावायच्या आधी थोडा वेळ नुसती बसून राहिले,
तेवढ्यात शहाद्याची गाडी न पुकारताच निघून गेली.

मग कधी काय झालं ते नीट सांगता येणार नाही.
"येस हां" म्हणून माणूस निघून जातो, परत येत नाही,
हे समजायला वेळ लागला. सुरुवातीला मी वाट बघायची.
घरमालकीण संध्याकाळी जिन्याखालून ओरडायची, "जेवनी का वं?"
आणि मी नाही म्हटलं तर भाकरी वर यायची,
हो म्हटलं तरी यायची.
मार्चात भटू आबा खिडकीशी थांबले, डोळे बारीक करून म्हणाले,
"आते शिंकत नही तू?"
मला तेव्हाच कळलं.
त्या दिवशी ते बसायच्या आधी दोनदा मागे वळून बघत होते,
जणू माझ्याकडून काहीतरी यायचं राहिलं होतं.

अर्ज ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर मी चहाचा पेला ठेवते.

मे महिन्यात रजेवर घरी गेले.
आईने धुवायला म्हणून माझी बॅग उघडली
आणि शिंकली. एकदा, दोनदा, मग मोजणं सोडलं.
शेजारची शेवंतीकाकी कुंपणापलीकडून शिंकली.
"काय हाडलंस गो ह्या?"
मी साडी नाकाला लावून पाहिली.
साडीला साडीचा वास होता.

परत निघाले त्या सकाळी, उंबऱ्यात पाय ठेवला,
आणि मागून आईची शिंक.
"थांब. वाईच बस. मगे जा."
बसले ओट्यावर, बॅग मांडीवर.
समोर फणस, गडगा, माझी शाळेची वाट,
मनगटावर दहा वीस. धडगावची वेळ.
आज कोण पुकारतंय कोण जाणे,
धडगाव नीट म्हणतंय की घाईत गिळतंय.
ओठांतल्या ओठांत मीच पुकारून पाहिलं,
फलाट क्रमांक चार, प्रवाशांनी लक्ष द्यावं.

"कोणाशी बोलतंस?" आईने आतून विचारलं.
"कोनशी नही," मी म्हटलं.
तिला वाटलं, मी चेष्टा करतेय.