सावलीतला माल

तासगावच्या रस्त्याला आमचं शेड.
चारी बाजूंनी हिरवी जाळी.
कुठून एक कवडसा आला तरी बाळगोंडा शेठ ओरडतात,
"पडदा ओढा गं, माल काळा पडंल!"

बेदाण्याला वारा चालतो, ऊन नाही.
सावलीत सुकला तर हिरवा,
नाहीतर तांबूस,
किलोमागं पन्नास रुपये खाली.

मला हे शिकवावं लागलं नाही.
आई म्हणायची, "दुपारची अंगणात जाऊ नकोस,
आधीच सावळी, त्यात आणखी…"
पुढचं तिनं कधी पुरं केलं नाही.
स्थळं यायची ती दिवेलागणीनंतर,
ट्यूबलाइटखाली.

चौदा वर्षं झाली निवडायला बसून.
पहाटेचं वडाप, डोळ्यांपर्यंत स्कार्फ,
कोपरापर्यंत हातमोजे,
घरी यायचं दिवस बुडाल्यावर.
आधी जिना दुखायला लागला,
मग मांड्या, मग कंबर,
मग पोराला उचलताना बरगडीत काहीतरी.
कस्तुरा म्हणाली, बाळंतपणातलं असंल.
नणंद म्हणाली, काम नको म्हणून.
मी बाम चोळला, मारुतीला तेल घातलं.

शिकलगार मॅडमनी रिपोर्टवर बोट ठेवलं.
"नऊ. निदान तीस पाहिजे."
नऊ काय?
"हाडांत कॅल्शियम मुरायला ऊन लागतं ताई. ते कमी पडलंय."

मला हसूच आलं.
आमच्याकडं ऊन कमी?
एप्रिलमध्ये डांबर चपलेला चिकटतं,
हंडा हातात धरवत नाही.
"ऊन आहे," त्या म्हणाल्या,
"तुमच्या अंगापर्यंत येत नाही.
काचेतून आलेलं चालत नाही,
पहाटेचं कोवळं पुरत नाही,
आणि सावळ्या कातडीला
जरा जास्तच वेळ बसावं लागतं."

आईचं अर्धं वाक्य
असं कुणीतरी पुरं केलं.

आठवड्याला एक पुडी, दुधातून.
आणि दुपारच्या सुट्टीत
शेडमागं, रिकाम्या क्रेटवर,
बाह्या वर करून मी.
पहिल्या दिवशी चोरी केल्यासारखं वाटलं.
कोपराच्या वर एक रेघ दिसली,
रेघेखाली हात फिकट,
झाकून ठेवलेल्या मालासारखा.

बाळगोंडा शेठ बाहेर आले, थबकले.
"आत बसा की. काळ्या पडाल."

म्हटलं, मला कुठं
लिलावात काढायचंय.

शेठ जाळीची गाठ बघत राहिले.
कस्तुरानं डबा उचलला,
मोजे काढून काखेत धरले
आणि म्हणाली,
"जरा सरक."