लागते तो शब्द

घाटंजीच्या तहसिलीपुढे माझं टेबल,
एका पायाखाली कागदाची घडी.
टाइपरायटर हल्ली पिशवीतच असतो.
रिबन यवतमाळलाही मिळत नाही,
'क्ष'ची कांडी वर गेली की वरच राहते.

पंचफुला नेहारे गुरुवारी आली.
अर्जासाठी नाही, ऊन खायला.
थैलीत तुरीच्या शेंगा,
हातात पोराचा जुना मोबाईल, कोपऱ्यात तडकलेला.
मोठी लेक सावंगीला नर्सिंगला.
पंचफुलानं मोबाईल ओठाशी धरला,
चूल फुंकावी तशी त्यात बोलली:

"आचल, मी तुले इसरली नाही व माय.
धाकली पोट्टी शायेत गेली.
तुह्या बापाच्या डोयाचं आपरेशन झालं."

मग माझ्यापुढे धरला.
"वाचजा बरं बाबूजी, हा काय लिवते."

मी चष्मा लावला.

अचल, मी तुला इस्रायली नाही वामन.
धाकली पोटी शायरीत गेली.
तुझ्या बापाच्या डायरीचं ऑपरेशन झालं.

हसलो. चहावाला गुणवंतही हसला,
तिच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या.
हसणं सरल्यावर ती म्हणाली,
"पण बोलली तं मी बराबर होती ना?"

बरोबर होती.

तेहतीस वर्षं मी दुसरं काय केलं?
लोक म्हणायचे, मले घरकुल पाह्यजे, भित पडली.
मी ठोकायचो: उपरोक्त अर्जदारास
लाभ मिळणेबाबत.
बाई म्हणायची, नवरा गेला जी, मी कोनाच्या तोंडाकडं पाहू.
मी: सदर महिला निराधार असून.
डावीकडे समास सोडून,
खाली अंगठ्याला जागा सोडून.
वाचून दाखवायचो तेव्हा ते मान हलवायचे,
परक्याच्या घरची गोष्ट ऐकावी तशी.
"लय चांगलं लेह्यलं बाबूजी."
पाच रुपये. पुढं वीस.

तेव्हा कोणी हसलं नाही.
माझ्या चुका शुद्ध होत्या.

पंचफुलानं 'इस्रायली' पुसलं.
बचत गटाच्या रजिस्टरात सही करता करता
अक्षरं शिकलेलं बोट
इ शोधत गेलं, मग स, मग र,
ली सापडेना तर थांबलं, पुन्हा निघालं.
शब्द झाला. खाली लाल नागमोडी रेघ आली.
ती रेघ मला ओळखीची वाटली.

"आता काय म्हन्ते हा?"

म्हणतो, हा शब्द माझ्याकडे नाही.
शब्दकोशात जोडू का, विचारतो.

"मंग जोड म्हना. लागते तो."

शायेत जोडला. डोया जोडला.
'व माय'ला वेळ लागला,
मधली मोकळी जागा त्याला पटत नव्हती.
आपरेशनवर ती अडली.
"हे राहू दे त्याचं. डाक्टरही असंच म्हन्ते."

पारव्याची गाडी लागली तशी ती उठली,
ओंजळभर शेंगा टेबलावर ठेवून.
अर्जाचे पैसे नाहीत, अर्जच नव्हता.

मी पिशवीतून मशीन काढलं.
कोरा कागद चढवला.
वर 'प्रति' लिहायची सवय बोटांना,
ती आवरली.
मले, असं ठोकलं.

मशीन काही म्हणालं नाही.
त्यानं कधीच काही म्हटलं नव्हतं.

पुढचा शब्द काय, म्हणून थांबलो होतो,
तर चपराशी फाटक लावायला आला.